खुर्द्याचा हिशेब

माझ्या दुकानात गल्ल्याखाली एक दोनशे पानी वही असते. निळा पुठ्ठा, कोपरे उंदरानं कुरतडल्यासारखे झिजलेले. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात मथळा आहे : ‘रोड बांधवांच्या बोलीतले मराठी शब्द’. खाली अनुक्रमांक एक, पाणी. दोन, काळा. तीन, जाणा. तिन्ही आता लाल शाईनं खोडलेले आहेत. खोडणारा मीच.

मी मूळचा विट्याकडचा, खानापूर तालुक्यातला. आमच्या भागात पाऊस कमी, म्हणून पोरं गलाईला जातात. देशात कुठल्याही शहरात सराफ बाजाराच्या मागच्या बोळात मूस, टाकणखार आणि तेजाबाची बरणी घेऊन बसलेला माणूस दिसला, तर त्याला गाव विचारून बघा. बहुतेक वेळा विटा, आटपाडी, तासगाव यातलं एक नाव निघेल. वडील दिल्लीत होते, मी १९९१ पासून पानिपतात. जुनं सोनं वितळवणं आणि टंच काढणं हा धंदा. टंच म्हणजे दागिन्यात खरं सोनं किती, ते तपासून चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा.

इथं मराठी घरं मोजकी. गणपती बसवायला म्हणून आम्ही मंडळ काढलं, आणि मंडळ काढल्यावर १४ जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, काला आंबच्या स्मारकाला जाणं ओघानंच आलं. जानेवारीत इथं धुकं असं असतं की विटांचा तो खांब आणि त्याच्या टोकाचा लोखंडी गज कुंपणाशी गेल्याशिवाय दिसत नाही. सातारा-कोल्हापूरकडून माणसं भगवे फेटे बांधून येतात, मातीला हात लावतात, काहीजण रडतात. त्यांच्याशेजारी आजूबाजूच्या गावांतले उंच, गोरे, पागोटेवाले शेतकरी उभे असतात, दिवा लावतात आणि ‘हम भी मराठा हैं’ म्हणतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो आजही येतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माणूस कोरडा झाला.

हा रोड समाज. पानिपत, करनाल, कुरुक्षेत्र, कैथल या पट्ट्यातला शेतकरी समाज. १७६१ च्या लढाईनंतर जे मराठे परत फिरू शकले नाहीत, ओळख लपवून इथंच राहिले, त्यांचे हे वंशज, अशी मांडणी कोल्हापूरचे इतिहासाचे अभ्यासक डॉ. वसंतराव मोरे यांनी हरियाणातली गावं फिरून केली. समाजातल्या पुष्कळांनी ती उचलून धरली. समाजात दुसरी कथाही आहे : सिंधमधलं रोडी शहर, राजा रोड, फार जुना काळ. ही दुसरी कथा सांगणाऱ्या माणसाला आमच्या मंडळानं कधी स्टेजवर बोलावलं नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. बोलावण्याचं सुचलंच नाही.

लढाईनंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत पडलेली ती सावकारी चिठ्ठी मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मोती किती गळाले, मोहरा किती हरपल्या याचा हिशेब आणि खुर्द्याची मात्र गणतीच नाही. सराफ्यात बसणाऱ्या माणसाला ती भाषा जास्तच लागते. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, ते सगळ्यांना ठाऊक. माझा जीव कायम खुर्द्यात अडकायचा. आमच्या खानापुराकडचे किती गेले असतील, त्यांची नावं कुठंच नाहीत. रोड भेटले तेव्हा वाटलं, सापडला खुर्दा. मग पुढची वीस वर्षं मी तो मोजत बसलो, आणि मोजणाऱ्याचा हात कसा हलका पडतो ते मला कळलं नाही.

त्या काळात आमच्याकडं कोणी प्राध्यापक आला की आम्ही काय करायचो? स्टेशनवर गाडी, घरी पुरणपोळी, शाल-श्रीफळ, आणि जेवण झाल्यावर ही वही. ‘सर, एवढं तुम्ही लिहा.’ आम्ही अभ्यासकाला प्रश्न देतच नव्हतो. उत्तर तयार असायचं, खाली सही हवी असायची. दुकानात गिऱ्हाईक बांगडी टाकून ‘बावीस कॅरेट लिहा, शेठ’ म्हणालं असतं तर मी त्याला पायरी उतरायला लावली असती. आणि मी स्वतः सरांपुढं तेच करत होतो, वर पोळीवर तूप वाढून.

एकदा चांगलाच फटका बसला. एका विद्यापीठाचं नाव सांगून एक गृहस्थ आले. कोणतं ते लिहीत नाही. मी त्यांना एका गावात घेऊन गेलो. घरातल्या म्हाताऱ्यानं पत्र्याच्या पेटीतून जुने कागद काढून दिले, माझ्या शब्दावर. झेरॉक्स काढून आठ दिवसांत परत, असं ठरलं. कागद आजतागायत आलेले नाहीत. त्या गावच्या रस्त्यानं जायला मला बरीच वर्षं तोंड नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात अभ्यासकांच्या दोनच जाती पक्क्या झाल्या : आपलं सिद्ध करणारे आणि आपलं लुटणारे. तिसरी असू शकते हे मानायला मला फार उशीर लागला.

२०१७ च्या सुमारास पुण्याकडची एक मुलगी आली. पानिपतच्या आठवणी इथल्या लोकांत कशा टिकल्या, यावर पीएच.डी. करत होती. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायची. वही तिलाही दाखवली. तिनं पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “काका, तुमचे घरमालक रोड आहेत?”

“नाही, जाट.”

“ते पाण्याला काय म्हणतात?”

मी गप्प. चौधरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं घ्यायला येतात आणि खुर्चीत बसता बसता ओरडतात, ‘पाणी प्या दे भाई.’ हे मी सव्वीस वर्षं ऐकत होतो. ण आणि ळ ऐकले की आपल्याला महाराष्ट्र आठवतो, कारण आपण पुस्तकी हिंदी ऐकून आलेलो असतो. पण हे दोन्ही उच्चार हरियाणवीत आहेत, पंजाबीत आहेत, राजस्थानीत आणि गुजरातीतही आहेत. पाणी अमृतसरलाही पाणीच. मला रोडांच्या तोंडचा ण ऐकू यायचा आणि चौधरींच्या तोंडचा नाही. कान एकच, पण ऐकायला काय हवं ते आधी ठरलेलं.

मी त्या दिवशी काही खोडलं नाही. उलट तिच्यावर चिडलो, चार दिवस फोन उचलला नाही.

मग डिसेंबर २०१८ आला. अमेरिकेतल्या मानवी जनुकशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात निबंध छापून आला. संशोधक एस्टोनियातल्या तार्तूचे आणि आपल्याकडचेही. वायव्य भारतातल्या चार समाजांतल्या ४५ जणांचे जनुकीय नमुने, त्यात रोड. निष्कर्ष असा, की रोड हे भारताच्या पश्चिमेकडच्या लोकांना, स्वात खोऱ्यातल्या प्राचीन माणसांना जास्त जवळचे. आणि हे नातं अलीकडच्या मिसळीचं नसून कांस्ययुगात स्टेपकडून आलेल्या लोकांपासून चालत आलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे दख्खन नाही. अडीचशे वर्षं तर नाहीतच, हजारो वर्षं.

मोबाईल दिवसभर वाजत होता. मी मंडळाच्या लेटरहेडवर तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो. ‘आमच्या बांधवांच्या भावना दुखावणारे’ इथपर्यंत आलो आणि त्या मुलीला फोन लावला, इंग्रजी करून दे म्हणून. तिनं इंग्रजी केलं नाही, हिशेब केला. १७६१ पासून साधारण दहा पिढ्या. दोन आईबाप, चार आजोबा-आज्या, आठ, सोळा, असं दहाव्या पायरीला १०२४. त्या १०२४ पूर्वजांतला एक जरी सांगलीकडचा असला, तरी आज त्याचा वाटा हजारात एक. मी म्हटलं, हजारात एक भागावर माझं टंच काढायचं मशीनसुद्धा पैज लावणार नाही. म्हणजे हा निबंध आपलं काही खोटं ठरवत नाही! मी उठून उभाच राहिलो.

ती म्हणाली, “काका, तुम्ही परत सहीच मागताय.” मग शांतपणे दुसरी बाजू सांगितली. एखाद-दुसरा सैनिक इथल्या घरांत मिसळला असेल तर या पद्धतीनं तो दिसणार नाही, हे खरं. पण अख्खा समाजच दक्षिणेतून आला असता तर ते लपलं नसतं. आणि निबंध लिहिणाऱ्यांचा प्रश्न पानिपतचा नव्हताच, सिंधू खोऱ्याचा होता. त्यांच्या उत्तरातून आपल्या प्रश्नाचं उत्तर ओढून काढायचं, तर दोन्हीकडचं ओढून काढा.

तक्रारीचा मसुदा मी फाडला नाही. खणात ठेवला. बदललो म्हणावं असं तेव्हाही काही झालं नव्हतं. फक्त हरल्यासारखं वाटत होतं. त्याच आठवड्यात एका रोड ताऊंकडं गेलो. वाटलं होतं, तेही खचले असतील. ते उसाच्या गाडीचा दोर आवळत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डीएनए की डाक्टर जाणै. दीवा तो हम बाळांगे.” आणि पुन्हा दोर आवळायला लागले. त्यांच्या ‘बाळांगे’तला ळ ऐकून माझा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला, हेही कबूल करतो.

खरा धक्का बसला तो ७ ऑगस्ट २०२१ ला. टोकियोत नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकला. त्याचं गाव खंडरा, आमच्याच जिल्ह्यातलं, आणि तोही रोड. तासाभरात मराठी वाहिन्यांचे फोन सुरू झाले. पानिपतचा मराठा, बोला काहीतरी. मी बोललो. छाती फुगवून बोललो, माहीत नव्हतं तेही बोललो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातला एक कॉलेजचा पोरगा दुकानात आला. रागावलेला नव्हता. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “चाचाजी, वैज्ञानिक आए, बोल गए. अब आप टीव्ही पे बोल गए. हमसे किसी ने पूछा?”

विद्यापीठांवर मी वीस वर्षं जो आरोप करत होतो, तो जसाच्या तसा माझ्या काउंटरवर ठेवून पोरगा निघून गेला. माझ्याकडं त्याला द्यायला आकडा नव्हता. त्या रात्री वही काढली आणि पाणी खोडलं.

पुढं त्या मुलीबरोबर रीतसर काम करायचं ठरलं, तेव्हा आधी मी तिला म्हटलं, तुमच्यातले लोक हे कसं करतात ते सांग. तिनं ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांचं प्रकरण सांगितलं. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून १९९० पासून त्यांनी रक्त दिलं. विद्यापीठात तेच रक्त मनोविकाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. आपण राहतो त्याच दरीत आपले पूर्वज जन्मले अशी त्या लोकांची श्रद्धा. कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्याकडंही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय, की समाजावर अभ्यास करायचा तर आधी समाजाशी बोला. मला कोर्टापेक्षा रक्त परत केलं हे लागलं. मला ते पत्र्याच्या पेटीतले कागद आठवले.

दुसरं उदाहरण आपल्याच गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथं सुरुवातीला सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून चोख काम. पण आदिवासींना त्याचं काही वाटेना. तो प्रश्न आमचा होता, लोकांचा नव्हता, हे डॉ. बंगांनी स्वतः पुढं मोकळेपणानं सांगितलंय. लोकांचा प्रश्न होता दगावणारी बाळं. त्यावर गावातल्याच बायकांना शिकवून जे काम उभं राहिलं, त्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गेला. मी हे वाचलं तेव्हा मंडळाची बैठक बोलावली आणि साधा प्रश्न ठेवला : रोड मराठे आहेत का, हा प्रश्न कुणाचा? खूप वेळ कुणी बोललं नाही. शेवटी खजिनदार म्हणाले, “आपला.” आपला, म्हणजे पानिपतात राहणाऱ्या मूठभर मराठी घरांचा, ज्यांना या परक्या शहरात सोयरे हवे होते.

मग गावांत जाऊन विचारलं, तुम्हाला काय शोधायचंय? तरुणांना हवं होतं, आपलं गाव कधी वसलं. म्हाताऱ्यांना हव्या होत्या वंशावळी, कारण सांगणारे संपत चाललेत. एका आजीला तिच्या सासूच्या माहेराचं नाव हवं होतं. मराठे-बिराठे फार थोड्यांनी काढलं. त्या मुलीनं हेच प्रश्न घेतले. वंशावळींसाठी पेहोवा, कुरुक्षेत्र, हरिद्वारच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या धरल्या. पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंची गावं, गोत्रं, आलेल्याच्या हातची सही, सगळं त्यात असतं. चंदीगढचे बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ साली याच जातीच्या वह्यांच्या आधारे पहाडी चित्रकारांची घराणी लावून दाखवली होती; तोवर त्यांची चित्रं दरबाराच्या नावानं ओळखली जात. पुरोहित वही हातात देत नाही, समोर बसून वाचून दाखवतो. पण घरचा माणूस सोबत असेल तरच. विद्यापीठाचं पत्र तिथं चालत नाही. म्हणजे गावाशिवाय तिचं काम अडत होतं आणि तिच्याशिवाय गावाचं, कारण ऐकलेलं टिपून धागे जुळवणार कोण.

कराराचा कागद एक पानाचा केला, हिंदीत. सर्वांत मोठं भांडण एका वाक्यावर झालं. आमच्या खजिनदारांचं म्हणणं, छापण्यापूर्वी मंडळाची मंजुरी. ती म्हणाली, मंजुरी नाही, वाचन. मी गावात येऊन सगळं वाचून दाखवीन. चूक दाखवलीत तर सुधारीन. पटलं नाही तर तुमची हरकत तुमच्या नावानं, तुमच्या शब्दांत आत छापीन. पण निष्कर्ष बदलणार नाही. दोन बैठका यातच गेल्या. मी तिच्या बाजूनं बोललो, तेव्हा खजिनदार माझ्याकडं असे बघत राहिले जसं काही मी दुकानात पितळ विकायला काढलंय. बाकीचं लवकर ठरलं : ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या वाचनालयात, मूळ कागद घराबाहेर जाणार नाही, फोटो घरातच काढायचे. जीपचं डिझेल मंडळाच्या गणपतीच्या शिलकीतून. पुरणपोळी राहिली, शाल बंद केली.

या सगळ्यात मला इतिहाससंशोधक राजवाड्यांची फार आठवण यायची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो १७५० ते १७६१ चा, म्हणजे पानिपतचाच, आणि ती पत्रं सापडली वाईतल्या एरंडे यांच्या घरी. त्याआधी पानिपत कळायचं ते बखरींतून. दप्तर घराण्याचं, वाचणारा बाहेरचा, असा सौदा आपल्याकडं जुनाच आहे. पण त्या माणसानं पुढच्या पिढीच्या इतिहासाला कागद दिले ते वाचून, फुलवून नव्हे. इतिहासकार शेजवलकरांनी पानिपतवर १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत लिहिलं, त्यांनीही आपल्याला गोड वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. हे दोघंही आमच्या शालीखाली आले असते का, असा विचार मनात येतो आणि हसू येतं.

टंचाची उपमा मी वर वापरली, पण ती पुरती लागू नाही हे मला धंद्यातला माणूस म्हणून ठाऊक आहे. सोनं मुशीत घातलं की दागिना मोडतो, आकडा उरतो. ताऊंचा दिवा असा वितळवता येत नाही, आणि त्यांनी तो कुणाकडं तपासायला आणलाही नव्हता. ओढून नेणारा मी होतो. दर १४ जानेवारीला मी अजून काला आंबला जातो. माझ्याशेजारी उभा असलेला पागोटेवाला माझा भाऊबंद आहे असं मला अजूनही वाटतं. फक्त वाहिनीवाल्यानं माईक पुढं केला की मी तो त्याच्याकडं सरकवतो.

गेल्या हिवाळ्यात चौपालीवर वाचन झालं. दुपारची वेळ, हुक्का मध्ये, बाया ओट्याच्या कडेला. तिनं दीड तास वाचलं. कुठल्या घराचा धागा वहीत लागतो, कुठं तुटतो, कुठं नुसती सांगी आहे आणि कागद नाही, सगळं नीट. एका जागी ताऊ उठले. हे आपल्याला मान्य नाही म्हणाले. तिनं पेन काढलं, त्यांचं बोलणं शब्दशः लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. त्यांनी त्यात दादाच्या नावाची एक मात्रा दुरुस्त केली. मग सही करायला वाकले आणि वाकल्या वाकल्या माझ्याकडं बघून म्हणाले, “अर तेरी किताब का के बण्या?”

वही पिशवीतच होती. मी दिली. ते लाल खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवत गेले, हसले, पान उलटलं, आणि न खोडलेल्या एका शब्दावर थांबले. हा शब्द माझा फार लाडका. याच्यावर मी बऱ्याच जणांपुढं भाषण केलंय.

“यो तो म्हारे नानके का सै,” ते म्हणाले.

“आजोळ कुठलं?”

“पटियाला.”

ओट्यावरच्या बाया मोठ्यानं हसल्या. त्यातल्या एकीनं सांगितलं की तिच्या आईकडं याच वस्तूला तिसरंच काही म्हणतात, आणि ती जींदकडची. मी वही परत घेतली, पट्टी नव्हती म्हणून पोस्टकार्डाच्या कडेनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं : कुणाच्या तोंडून, आणि तिच्या आईचं माहेर कुठलं.